एकाच नावाचे बेचाळीस जण

मिनेसोटातल्या ईडन प्रेरीला आम्ही राहायला गेलो तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते आणि मला नोकरी करायची परवानगी नव्हती. नवरा पुण्याचा, सॉफ्टवेअरमध्ये, आणि त्याच्या व्हिसावर मी. लग्नाआधी नागपूरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी सहा वर्षं काम केलं होतं. पुस्तकांचं वर्गीकरण, कार्डं लिहिणं, जुन्या नोंदी ताडून पाहणं. ते काम मला येत होतं आणि आवडतही होतं. इथे सकाळी नवऱ्याचा डबा भरून दिला की दुपारपर्यंत खिडकीतून पार्किंग लॉट बघत बसायचं. दोन वर्षं अशी गेल्यावर एकदा तोच म्हणाला, "लायब्ररीत व्हॉलंटियर म्हणून का नाही जात? पगार घेतला नाही तर चालतं."

म्हणून २००४च्या सप्टेंबरात मी तिथल्या सार्वजनिक लायब्ररीत जायला लागले. पहिल्याच आठवड्यात तिथल्या बाईंनी मला एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे नेलं. "यांना टाइप करून द्यायला कोणीतरी हवंय," त्या म्हणाल्या. "यांचे डोळे गेलेत. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही."

ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला, बायको वारलेली, मूलबाळ नाही. मनातल्या मनात मी त्यांना मास्तर म्हणायचे. तोंडावर मिस्टर आणि पुढे आडनाव. त्यांच्या पायाशी बुटांचे चार खोके होते आणि त्यांत दाटीवाटीनं हाताने लिहिलेली कार्डं.

मास्तरांचे पूर्वज वेल्सहून आलेले. मिनेसोटाच्या दक्षिणेला वेल्श शेतकऱ्यांच्या जुन्या वस्त्या आहेत, त्यांतल्या एकीतले ते. त्यांचं नाव आणि आडनाव वेल्समध्ये इतकं साधं, की गल्लीत हाक मारली तर चार जण वळून बघतील, असं तेच सांगत. ते नाव मी इथे लिहीत नाही. तर त्या एकाच नावाची, पहिलं आणि आडनाव दोन्ही तेच असलेली, इतिहासात काही करून गेलेली जेवढी वेल्श माणसं सापडतील तेवढी मास्तरांनी गोळा केली होती. तरुणपणी सुरुवात केली आणि पन्नासेक वर्षं तेच करत राहिले. तेव्हा बेचाळीस जण झाले होते. त्यांचं पुस्तक करायचं, निदान पाच-सहा प्रती बांधून घ्यायच्या, एवढीच त्यांची इच्छा होती.

मंगळवारी सकाळी दहाला ते यायचे. मी कार्ड वाचायची, ते दुरुस्त्या सांगायचे, मी टाइप करायची. त्यांतला एक खाणकामगारांचा पुढारी होता. एक वीणा वाजवणारा आंधळा माणूस. एक घड्याळं करणारा, त्याचं एक घड्याळ अजून कुठल्याशा चर्चमध्ये चालू आहे म्हणे. एक बोटीचा कप्तान, एक घोडेचोर, ज्याला फाशी झाली होती. दोन डॉक्टर, एक खासदार, एक फुटबॉलसारखा खेळ खेळणारा, आणि धर्मोपदेशक तर विचारू नका.

"घोडेचोर कशाला घेतलात?" मी विचारलं.

"नाव त्याचंही तेच होतं ना," मास्तर म्हणाले. "तो एकटा बाहेर कशाला?"

इतकी माणसं एका नावाची कशी, तेही त्यांनी समजावून सांगितलं. पूर्वी वेल्समध्ये आडनावं नव्हतीच. अमक्याचा मुलगा अमका, त्याचा मुलगा तमका. मग इंग्रजी कारकून आले. त्यांच्या वहीत आडनावाचा रकाना होता. त्यात त्यांनी बापाचं नाव घातलं आणि ते तिथेच गोठलं. बापांची नावं मुळात पाच-दहाच. मग गावात माणसं ओळखायची कशी? तर दूधवाला अमका, टेकडीवरचा अमका, एकच दात असलेला अमका.

"आमच्या मोहल्ल्यात पण एका नावाचे दोन होते," मी म्हटलं. "एक चष्मेवाले काका, एक स्कूटरवाले काका. आणि बापाचं नाव आमच्यात अजून असतं. मध्ये."

ते एकदम सरसावून बसले. "म्हणजे तुझ्या नावात तुझे वडील आहेत?"

"होते. लग्न झालं की तिथे नवऱ्याचं नाव येतं."

"आणि वडील?"

"ते जातात."

मी यावर कधी विचार केला नव्हता. लग्नानंतर पासपोर्टाचा फॉर्म मी हौसेनं भरला होता. बाबाच फोटो काढायला घेऊन गेले होते.

पण नावाचा त्रास काय असतो ते मला ठाऊक होतं. आमचं लग्न २००१च्या डिसेंबरात झालं. नवरा तीन आठवड्यांची सुट्टी काढून आला होता. व्हिसाचा शिक्का घ्यायला आम्ही मुंबईला गेलो आणि तिथे सांगितलं, थांबा, तपासणी चालू आहे. त्याच्या नावाचा दुसरा कोणी माणूस कुठल्याशा यादीत होता. तो कोण, कुठला, त्यानं काय केलं, हे कोणी सांगेना. त्या वर्षी असं पुष्कळ जणांचं झालं. माझ्या नावात मध्ये नवऱ्याचं नाव आणि शेवटी त्याचंच आडनाव, म्हणून मीही त्यात. पाच महिने आम्ही पुण्याला सासरी बसून काढले. नवरा रोज सकाळी सायबर कॅफेत जाऊन मेल बघून यायचा आणि मान हलवायचा. त्याचा मॅनेजर भला होता म्हणून नोकरी राहिली. तेव्हापासून नवऱ्यानं भारतात जायचं नावच टाकलं. "पुन्हा अडकलो तर यावेळी संपलं," तो म्हणायचा. मास्तरांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "त्यांना एक चांगला कार्ड लिहिणारा माणूस हवा होता."

२००५च्या सुरुवातीला आमचा ग्रीन कार्डाचा अर्ज दाखल झाला. वकिलानं बजावलं, की आता प्रवासाच्या परवानगीचं पत्र हातात येईपर्यंत देश सोडायचा नाही. सोडलात तर अर्ज रद्द.

फेब्रुवारीत बाबांना अर्धांगाचा झटका आला. बाबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले, कधी डोकं दुखलं म्हणून झोपलेले मी पाहिले नव्हते. दादाचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते. "उजवी बाजू गेली," तो म्हणाला. "बोलणं जड आहे. डॉक्टर म्हणतात, बघू."

मी पत्राबद्दल विचारायला सरकारी नंबरवर फोन लावत राहिले. चाळीस मिनिटं संगीत ऐकायचं, मग एक जण सांगायचा, नावाची तपासणी चालू आहे. कधी संपेल? सांगता येत नाही. मी नवऱ्याला म्हटलं, "मी जाते. माझा अर्ज रद्द होऊ दे."

"जा," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं म्हणाला, "पण नीट विचार कर. परत यायला पुन्हा शिक्का लागेल. पुन्हा तेच नाव. वर्ष जाईल, दोन जातील. मी इथे, तू तिथे. आणि पत्र कदाचित पुढच्या आठवड्यात येईलही."

त्यात खोटं काही नव्हतं. मी थांबले. मग पुढचा आठवडा आणि त्याच्या पुढचा. दादा बाबांच्या कानाला फोन लावायचा. त्यांचं बोलणं मला अर्धंच कळायचं. एकदा मात्र शब्द स्पष्ट आले. "काहून येते उगाच," ते म्हणाले. "तिकडचं काम होऊन जाऊ दे. मी काही पळून नाही चाललो."

मी तेवढं वाक्य धरून बसले. जाता आलं असतं. कोणी हात धरला नव्हता. विमानतळ वीस मिनिटांवर होता. एखादी दुसरी मुलगी असती तर गेली असती आणि पुढचं पुढे बघितलं असतं. मी पत्राची वाट बघत पोस्टाच्या पेटीपर्यंत बर्फातून जायची आणि यायची.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बाबा गेले. दादानं फोन केला तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. "तुला आधी सांगून काय करणार होती तू," तो म्हणाला. रागानं नव्हता म्हणाला. मला राग बरा वाटला असता.

त्या मंगळवारी मी लायब्ररीत गेले नाही. पुढच्या मंगळवारी गेले. मास्तरांना कळलं होतं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, म्हणाले, "आज राहू दे." मी म्हटलं, नको, काम करू. आणि मी काम करायला लागले, पण आधीसारखं नाही. आतापर्यंत मास्तर सांगतील ते मी टाइप करत होते. आता प्रत्येक कार्ड तपासायला लागले. सनावळ्या जुळवल्या. दुसऱ्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांतून जुन्या मासिकांच्या झेरॉक्स मागवल्या. कोणी सांगितलं नव्हतं. घरी बसवत नव्हतं आणि एका नावाची दोन माणसं कुठेही एकत्र मिसळलेली मला चालणार नव्हती, एवढंच.

बेचाळिसांत मास्तरांचा सगळ्यात लाडका एक होता. उत्तर वेल्समधला धर्मोपदेशक, दगडाच्या खाणींच्या गावातला, स्तोत्रं रचणारा. कार्डावर असं होतं, की उतारवयात तो बायकामुलं घेऊन अमेरिकेला आला, दक्षिण मिनेसोटात त्यानं रान मोडून शेती केली आणि तिथेच वारला. हा मास्तरांचा थेट पूर्वज. त्याचं एक स्तोत्र त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या गायलं जायचं. मास्तरांच्या आईला पुरताना ते गायलं, बायकोला पुरताना मास्तरांनी स्वतः गायलं. ते कोणाला ओळख करून देताना म्हणायचे, "आमच्यात एक कवी झाला."

मे महिन्यात एक पाकीट आलं. एका जुन्या वेल्श धार्मिक मासिकाच्या पानाची झेरॉक्स, मजकुराभोवती काळी चौकट. मला वेल्श येत नाही, पण आकडे येतात. वर नाव होतं, खाली गावाचं नाव, त्या स्तोत्राची पहिली ओळ, आणि एक साल. मी त्या धर्मोपदेशकाचं कार्ड काढलं. मास्तरांचा पूर्वज बोटीतून उतरला त्याच्या चार वर्षं आधीचं साल होतं. बोटीच्या यादीची नक्कल मी आधीच मागवली होती. तिच्यात त्या नावापुढे धंदा लिहिला होता, शेतमजूर. आणि जमिनीच्या कागदावर सहीच्या जागी फुली होती. स्तोत्रं लिहिणाऱ्या माणसानं फुली का काढावी, हे मला आठवडाभर खटकत होतं.

पान माझ्या हातात होतं. मास्तर यायला अजून वीस मिनिटं होती. मी ते टेबलाच्या खणात ठेवू शकले असते. त्यांना ते कधी कळलं नसतं, छापलेलं काही त्यांना दिसत नव्हतं.

ते आले, कोट काढून बसले. मी म्हटलं, "एक वेल्श पान आलंय. मी अक्षरं वाचते, तुम्ही अर्थ सांगा."

असं आम्ही आधीही केलं होतं. मी एकेक अक्षर वाचायची, ते ओठांत शब्द जुळवायचे आणि इंग्रजीत सांगायचे. ते खुशीत होते. पहिली ओळ झाली, नाव आलं, ते हसले. "हा आपलाच." मग गाव आलं. मग स्तोत्राची ओळ, ती त्यांनी गुणगुणून दाखवली. मग पुढची अक्षरं मी वाचली आणि ते थांबले.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचली.

"दीर्घ आजारानंतर," ते हळू म्हणाले. "राहत्या घरी. तिथल्याच दफनभूमीत." मग म्हणाले, "साल काय आहे?"

मी साल सांगितलं. त्यांना हिशेब करायला वेळ लागला नाही.

"मग आमच्या दफनभूमीत आहे तो कोण?"

"त्याच नावाचा दुसरा माणूस," मी म्हटलं. "शेतमजूर. त्याला लिहिता येत नव्हतं." बोटीच्या यादीचं आणि फुलीचं सगळं मी सांगितलं. अगदी नीट, क्रमानं, कॉलेजात शिकवल्यासारखं. माझा आवाज मला अजून ऐकू येतो.

मास्तरांनी हात टेबलावर सपाट ठेवले होते. ते म्हणाले, "तुला हे कधी कळलं?"

"आज सकाळी."

"आणि तू मला वाचायला लावलंस."

त्यांनी कोट घातला. एक बाही सापडेना, मी मदतीला उठले तर त्यांनी मान हलवली. खोके तिथेच राहिले.

पुढचे तीन मंगळवार ते आले नाहीत. चौथ्या मंगळवारी मी खोके गाडीत घालून त्यांच्या घरी गेले. दार उघडंच होतं. ते खिडकीशी बसले होते, दाढी वाढलेली. त्यांची पुतणी घर आवरायला आली होती. काका आता एकटे राहू शकत नाहीत, दक्षिणेला आमच्या गावाजवळ वृद्धाश्रमात नेतेय, असं ती म्हणाली आणि आत गेली.

"तुमची कार्डं आणलीत," मी म्हटलं. "अजून बेचाळीस आहेतच. शेतमजुरासाठी वेगळं कार्ड करू."

"त्यानं काय केलं होतं?" मास्तर म्हणाले. "कार्डावर काय लिहायचं? आला आणि मेला?"

मी उभीच होते. त्यांनी बस म्हटलं नाही.

मग ते म्हणाले, "तू चुकली असशील. मासिकवाले पण चुकतात. नावं सारखी असली की चुका होतात, एक तर तुझ्या घरातच झालीय. म्हण ना, मी चुकले असेन."

"मी चुकले असेन," मी म्हटलं.

ते माझ्याकडे नाही, थोडं बाजूला बघत होते. नीट बघायचं असलं की ते तसंच बघायचे. "तू छान शिकलेली आहेस," ते म्हणाले. "तुला खोटं बोलता येत नाही. तेवढं यायला हवं होतं."

मी माफी मागितली. ते म्हणाले, माफीचं काही नाही, जे खरं ते खरं. पण आवाज कोणाशी तरी दुसऱ्याशीच बोलावा तसा होता. निघताना पुतणीनं मला त्या आश्रमाचा पत्ता लिहून दिला. "दीड तासाचा रस्ता आहे," ती म्हणाली. "या कधीतरी. काका तुमच्याबद्दल खूप बोलायचे."

जूनमध्ये प्रवासाच्या परवानगीचं पत्र आलं. साधं पांढरं पाकीट, विजेच्या बिलाबरोबर. नवऱ्यानं ते टेबलावर ठेवलं आणि आम्ही जेवलो. त्या दिवसानंतर आमच्यात भांडण असं कधी झालं नाही. "नीट विचार कर" हे शब्द मात्र त्यानं पुन्हा कधी उच्चारले नाहीत, आणि मला काही ठरवायचं असलं की मी त्याला विचारणं सोडलं.

नागपूरला मी वर्षश्राद्धाला गेले. आई माझ्याशी चांगलं बोलली, सगळे चांगलेच बोलले. दादानं बाबांचा मृत्यूचा दाखला दाखवला. त्यात मुलांची नावं नसतात, पण मी उगाच शोधली.

परत आल्यावर मला कामाची परवानगी मिळाली होती. एका विमा कंपनीत मी नोकरी धरली. लोकांचे पत्ते आणि जन्मतारखा कॉम्प्युटरवर भरायच्या. मंगळवार आता इतर दिवसांसारखाच झाला. गाडी मला येतच होती. हायवेवर दूरवर जायची भीती गेली होती. मास्तरांकडे जायचं दर महिन्याला मनात यायचं. एकदा केक करून ठेवला आणि हिमवादळाचा इशारा आला. एकदा निघाले आणि अर्ध्या वाटेवरच्या पेट्रोल पंपावरून परत फिरले. त्यांच्या समोर जाऊन बसायचं आणि ते बाजूला बघणार, हे माझ्यानं होईना. बाबांच्या वेळी मी सरकारला, यादीतल्या त्या अनोळखी माणसाला, नवऱ्याला, सगळ्यांना बोल लावला होता. इथे कोणी नव्हतं बोल लावायला. परवानगी लागत नव्हती, शिक्का लागत नव्हता. दीड तासाचा सरळ रस्ता होता आणि मी पावणेतीन वर्षं गेले नाही.

२००७च्या शेवटी ग्रीन कार्ड आलं. तपासणी पूर्ण झाली, एवढंच. तो दुसरा माणूस कोण होता, सापडला की कधी नव्हताच, ते कोणी कळवलं नाही.

२००८च्या वसंतात पुतणीचं कार्ड आलं. मास्तर झोपेत गेले होते. शेवटी शेवटी त्यांना माणसं ओळखू येत नव्हती, असं तिनं लिहिलं होतं. त्यांनी त्या खोक्यांना पुन्हा हात लावला नव्हता. अंत्यविधी शनिवारी, त्यांच्या गावच्या चर्चमध्ये. खाली तिनं लिहिलं होतं, की घरातलं जुनं स्तोत्र यावेळी गाणार नाही, काकांनी तसं सांगून ठेवलं आहे.

त्या शनिवारी आमच्या मराठी मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम होता. मी नवऱ्याला सकाळीच कार्डाबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "जायचंय का तुला? मी घेऊन जातो." मी म्हटलं, नको, वाढपाला माझं नाव दिलंय. शाळेच्या कॅफेटेरियात दीडशे माणसं होती. मी श्रीखंडाचं पातेलं घेऊन पंगतीतून फिरत राहिले. एक काकू म्हणाल्या, "अगं, तू जेवलीस का?" मी हो म्हटलं आणि पुढच्या ताटाकडे गेले.